पडदा आपल्या हाताजोगा

संगणकाच्या आतबाहेर : लेखांक ९

मायक्रोसॉफ्टने २००९ साली विंडोज ७ बाजारात आणलं, तेव्हा छोट्या आणि स्वस्त नेटबुकसाठी त्याची ‘स्टार्टर’ नावाची आवृत्तीही काढली. तिच्यावर इंटरनेट चालायचं, पत्र टाइप व्हायचं, छपाई व्हायची. फक्त डेस्कटॉपवरचं चित्र बदलता येत नसे. कंपनीने दिलेला निळा पडदा आणि त्यावरचं विंडोजचं बोधचिन्ह, एवढंच. विठोबाचा फोटो लावायचा असो की घरातल्या लेकराचा, त्यासाठी वरची आवृत्ती घ्यावी लागे आणि अमेरिकेत या बढतीला ८० डॉलर पडत. त्या आवृत्तीत इतर सोयीही होत्या; पण वॉलपेपरसारखी साधी गोष्ट कुलपात ठेवली, यावरून तिची किंमत कंपनीला नेमकी ठाऊक होती हे दिसतं.

ही रीत अजून चालू आहे. परवाना न घेतलेलं विंडोज १० किंवा ११ बाकी सगळं काम करतं. ‘पर्सनलायझेशन’चं पान मात्र बंद राहतं. जुळवणी करून घेतलेल्या संगणकांवर खाली उजव्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं अनेकांनी पाहिली असतील. रंग, थीम, लॉक स्क्रीन हे परवाना घेतल्यावर.

फुकट सॉफ्टवेअरचा खर्च शेवटी कोण भरतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. या वेळचा प्रश्न उलटा आहे. संगणक विकत घेतला, विंडोजचे पैसेही भरले, तरी वरून पडद्याची मांडणी बदलण्यासाठी लोक आणखी पैसे का मोजतात?

याचं सगळ्यात ठोस उत्तर महाराष्ट्रातल्या छोट्या गावांत सापडतं. सोलापूर जिल्ह्यातलं, माळशिरस तालुक्यातलं श्रीपूर घ्या. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना या गावात उभा राहिला. पांडुरंग सहकारी साखर कारखानाही इथलाच. आता महाळुंग-श्रीपूर अशी नगरपंचायत आहे. साखर कारखान्याच्या गावात संगणकावर काय चालतं? उसाची नोंद, काट्याची पावती, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, ऊसबिल, सभासदांना पाठवायचा वार्षिक अहवाल. त्याला लागून डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याची, कामं येतात : लग्नपत्रिका, हरिनाम सप्ताहाची पत्रकं, निवडणुकीची हँडबिलं, दशक्रिया विधीचे निरोप. यातलं जवळजवळ सगळं मराठीत.

आणि मूळ संगणकाला मराठी येत नव्हती.

मराठी टायपिस्टची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीच्या कळपाटावर, म्हणजे कीबोर्डवर, बसलेली होती. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि पुढच्या काही दशकांत तहसील, कोर्ट, बँक, कारखाना अशा प्रत्येक कचेरीत खटखट सुरू झाली. टायपिंगच्या परीक्षेत मिनिटाला ३० शब्दांचा वेग गाठायला महिनोन् महिने सराव लागतो. तो सराव डोक्यात राहत नाही, बोटांत उतरतो. सरकारने १९८६ साली भारतीय भाषांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ ही समान मांडणी ठरवली. तिची रचना खरोखर शास्त्रशुद्ध आहे : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि एक भाषा शिकली की दुसरी सोपी जाते. पण वीस वर्षं रेमिंग्टनवर पत्रं ठोकलेल्या कारकुनाला उद्यापासून बोटं बदल म्हणणं म्हणजे त्याची मिळकत अर्ध्यावर आणणं होतं.

इथे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं ‘श्री-लिपी’ आलं. पुण्यातच १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचं ‘आयएसएम’ होतं, बंगळूरकडून ‘आकृती’ आलं. ही सॉफ्टवेअर संगणक आणि बोटं यांच्या मध्ये बसत. कळ दाबली की ती आधी श्री-लिपीकडे जाई. वापरणाऱ्याने रेमिंग्टन निवडलंय, इनस्क्रिप्ट की उच्चारानुसार इंग्रजी अक्षरांवरून मराठी, हे पाहून ते योग्य अक्षर पुढे सरकवी. संगणक तोच, विंडोज तेच. फक्त हाताखालचा कळपाट आणि डोळ्यांसमोरचं अक्षर मालकाच्या सवयीचं. त्यासाठी काही हजार रुपये मोजावे लागत. सोबत एक ‘डोंगल’ मिळे, आधी प्रिंटरच्या पोर्टला लावायचा, नंतर यूएसबीचा. तो काढला की सॉफ्टवेअर थांबे. डीटीपीवाले हा डोंगल गल्ल्यात जपून ठेवत, कारण तो हरवला तर धंदाच अडायचा.

या सॉफ्टवेअरची मोठी उणीव सांगायलाच हवी. त्यांचे जुने फाँट युनिकोडमधले, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतले, नव्हते. मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असे. त्यामुळे इथे केलेली फाइल तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडली, की ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कालवा दिसे. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय विंडोजमध्येच आली, मंगल फाँट आला आणि हा सगळा बाजार आटेल असं वाटलं. तो आटला नाही. डीटीपीची दुकानं पेजमेकर या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरवर चालत होती. पेजमेकरची २००१ साली आलेली सातवी आवृत्ती शेवटची ठरली आणि तिला युनिकोड देवनागरी नीट जमत नाही. अ‍ॅडोबीच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत आली. तोपर्यंत पत्रिकांचे, पावतीपुस्तकांचे, अहवालांचे हजारो नमुने जुन्या फाँटमध्ये साठले होते. गिऱ्हाईक येऊन सांगतं, थोरलीच्या पत्रिकेसारखीच धाकटीची करा. ती जुनी फाइल उघडण्यासाठी श्री-लिपी लागतंच.

म्हणजे पैसे तीन गोष्टींसाठी मोजले जात होते : बोटांची सवय, जुन्या कामाचा साठा आणि अक्षराचं रूप. तिसरी गोष्ट हलकी समजू नये. लग्नपत्रिकेवर मंगल फाँट कोणालाच नको असतो. वळणदार, ठसठशीत, वेगवेगळ्या वजनांची अक्षरं विकत घेण्यासारखी होती आणि ती घडवणाऱ्यांना मोबदला मिळाला, म्हणूनच पुढची घडली.

युरोप-अमेरिकेतल्या ग्राहकाची गोष्ट दिसायला वेगळी आहे, पण मुळाशी हेच आहे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आलं, त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने ‘प्लस’ नावाचा वेगळा पुडा सुमारे ५० डॉलरला विक्रीला ठेवला. त्यात लिओनार्डो दा विंचीपासून हिंस्र प्राण्यांपर्यंतच्या थीम होत्या, अक्षरांच्या कडा मऊ करणारी सोय होती, पिनबॉलचा खेळ होता आणि इंटरनेट एक्स्प्लोररची पहिली आवृत्तीही होती. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, बर्कली सिस्टिम्सने ‘आफ्टर डार्क’ हा स्क्रीनसेव्हर विकला. काचेच्या जुन्या पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटे. हलतं चित्र तो टाळी. लोकांनी तो घेतला मात्र पंख लावून उडणाऱ्या टोस्टरसाठी. उपयोग हे निमित्त झालं आणि हौस भागली.

हौस ही खरी गरज आहे, असं मानलं तरच हा बाजार समजतो. उसाच्या हंगामात श्रीपूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर पाहावेत. रंगवलेलं हेड, मागे नाव, रंगीत दिवे, आरशांना गोंडे. त्याने एक टनही ऊस जास्त भरत नाही, तरी मालक खर्च करतो, कारण दिवसाचे बारा-चौदा तास तो त्याच सीटवर असतो. ‘वॉलपेपर इंजिन’ हे हलते वॉलपेपर लावणारं सॉफ्टवेअर २०१६ साली स्टीम या ऑनलाइन दुकानात आलं, चार डॉलरहून किंचित कमी किमतीत. वापरणाऱ्यांनीच तयार केलेल्या दहा लाखांहून अधिक चित्रांचा साठा त्याच्याभोवती उभा राहिला. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की स्वतःच्या हाताने जोडलेल्या वस्तूला माणूस जास्त मोल देतो. स्वतः मांडलेल्या पडद्यालाही हेच लागू पडावं.

तरीही पैसे सर्वांत पटकन निघतात ते हौसेपायी नाही, हातातलं काही हिरावलं गेल्यावर.

२६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं आणि त्यातून स्टार्ट बटण गायब झालं. सतरा वर्षं डाव्या खालच्या कोपऱ्यात असलेली जागा एका रात्रीत रिकामी. अमेरिकेतल्या स्टारडॉक कंपनीने ‘स्टार्ट८’ काढून ते बटण परत दिलं, किंमत ४ डॉलर ९९ सेंट. २०२१ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ आलं, तेव्हा टास्कबार बाजूला किंवा वर हलवण्याची जुनी सोय काढून टाकलेली होती. एकाच प्रोग्रॅमच्या खिडक्या वेगवेगळ्या दिसण्याची सोयही गेली. ती परत यायला २०२३ उजाडलं. मधल्या काळात स्टारडॉकच्याच ‘स्टार्ट११’ने अशा सोयी विकल्या.

टास्कबार कुठे आहे, यावर एवढा जीव का टाकावा? कारकुनाच्या बाजूने पाहिलं की कळतं. अनेक स्वस्त लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो. विंडोज ११ चा टास्कबार ४८ ठिपके उंच. म्हणजे उंचीतला सोळावा भाग कायमचा गेला. रुंदीला जागा मोकळी पडलेली असताना ऊसबिलाच्या तक्त्यात दोन ओळी कमी दिसतात आणि दिवसभर वरखाली सरकवत बसावं लागतं. शिवाय हात आंधळेपणाने जिथे जातो ती जागा बदलली की प्रत्येक वेळी डोळ्यांनी शोधावं लागतं. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं, की लक्ष्य जितकं लांब आणि लहान, तितका हाताला वेळ जास्त. दिवसाला शेकडो वेळा हे घडतं. अशा माणसाने चार-पाचशे रुपये दिले तर ती चैन म्हणता येणार नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की हे फुकटही मिळतं. मिळतं खरं. डेस्कटॉप सजवणारं ‘रेनमीटर’ फुकट आहे आणि उत्तम आहे. स्टार्ट मेनूसाठी इव्हो बेल्चेव्ह या प्रोग्रॅमरचं ‘क्लासिक शेल’ फुकट होतं आणि असंख्य लोक ते वापरत. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी काम थांबवलं. विंडोज १० वर्षातून दोनदा बदलत होतं आणि दर वेळी काहीतरी मोडत होतं. एकट्या माणसाने ते किती दिवस दुरुस्त करायचं? त्यांनी मूळ कोड खुला केला, इतरांनी तो ‘ओपन-शेल’ नावाने पुढे नेला, हे चांगलंच झालं. पण या सॉफ्टवेअरचा खरा खर्च कुठे आहे, तेही इथे दिसतं. ही सॉफ्टवेअर विंडोजच्या अशा भागांना हात घालतात, जे बाहेरच्यांसाठी ठेवलेलेच नाहीत. विंडोज एक्सपी तर मायक्रोसॉफ्टची सही असलेल्याच थीम स्वीकारी. म्हणून ‘विंडोब्लाइंड्स’सारखं सॉफ्टवेअर खिडकीची चौकट स्वतःच रंगवायचं. प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा तपासणी, पुन्हा दुरुस्ती. ग्राहक विकत घेतो ती ही राखण.

राखण करणारा कोण आहे, हे मात्र बघून घ्यावं. मॅकच्या मेनूपट्टीतली चिन्हं आवरणारं ‘बार्टेंडर’ अनेकांनी आनंदाने विकत घेतलं होतं. जून २०२४ मध्ये कळलं, की मूळ निर्मात्याने ते गाजावाजा न करता दुसऱ्या कंपनीला विकलंय. त्या सॉफ्टवेअरला पडदा पाहण्याची परवानगी दिलेली होती, त्यामुळे वापरणारे बिथरले आणि अनेकांनी ते काढून टाकलं. कळपाटाच्या सॉफ्टवेअरला हे दुप्पट लागू आहे, कारण बँकेच्या पासवर्डसह प्रत्येक कळ त्याच्यातून जाते. पेनड्राइव्हवरून मिळालेलं ‘क्रॅक’ केलेलं मराठी सॉफ्टवेअर सहकारी संस्थेच्या किंवा सेवा केंद्राच्या संगणकावर घालणं म्हणजे सभासदांची आधार आणि खातेक्रमांकांची माहिती अनोळखी माणसापुढे उघडी ठेवणं आहे. चार पैसे वाचवण्यासाठी हे कोणीही करू नये.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि गावोगावच्या कचेऱ्या विंडोज ११ कडे वळत आहेत. तिथल्या जबाबदार मंडळींना एक विनंती आहे. नवा संगणक घेताना त्यावर बसणाऱ्या माणसाला आधी विचारा, त्याची बोटं कोणत्या कळपाटावर चालतात. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये आहेच. उच्चारानुसार मराठी लिहिण्याची सोयही मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्ये फुकट मिळते. नवशिक्याला तेवढं पुरे. रेमिंग्टन मात्र आपोआप मिळत नाही, त्याची वेगळी व्यवस्था करावी लागते आणि जुन्या फाँटमधल्या फाइलींसाठी जुनं सॉफ्टवेअर जपावं लागतं. ज्याचा हात दिवसभर त्या संगणकावर आहे, त्याच्या सवयीच्या कळपाटाची तरतूद खरेदीच्या यादीत करा. आणि नवा मजकूर, सॉफ्टवेअर कोणतंही असो, युनिकोडमध्येच ठेवा.