वडील, मी आणि ‘पिंजरा’

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२चा. आमच्या रिसोडकडच्या गावी तो तंबूत आला, तेव्हा शाळामास्तर असलेल्या वडिलांनी बजावलं, ‘तमाशाचा सिनेमा पाहायचा नाही!’ मी चोरून गेलो. जगदीश खेबुडकरांची गाणी, राम कदमांच्या चाली. वेड लागलं ते कायमचंच. पण गाव गुरुजींचा पुतळा पूजतं आणि जिवंत गुरुजींना स्वतःच्याच खुनाबद्दल शिक्षा होते, तिथं घसा दाटला. बाहेर पडताना मागच्या खुर्च्यांवर वडील दिसले. उपरण्यानं डोळे पुसत होते. आम्ही दोघंही त्याविषयी कधी बोललो नाही. मात्र पुढं रेडिओवर ‘पिंजरा’चं गाणं लागलं, की वडील हळूच आवाज वाढवायचे. आता ते नाहीत. आवाज मी वाढवतो.