ओरेन लायन्स

ओरेन लायन्स (जन्म : इ.स. १९३०) हे अमेरिकेच्या न्यू यॉर्क राज्यातील हॉडेनोशोनी (इरोक्वा) समाजाचे धर्मपरंपरारक्षक, चित्रकार, प्राध्यापक आणि लॅक्रॉस खेळाडू म्हणून ओळखले जातात. सिराक्यूज विद्यापीठाच्या इ.स. १९५७ मधील अपराजित संघाचे ते गोलरक्षक होते. पुढे इ.स. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या इरोक्वा राष्ट्रीय संघाच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता.

== पार्श्वभूमी ==
मोहॉक, ओनायडा, ऑनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा संघ म्हणजे हॉडेनोशोनी. लॅक्रॉस हा खेळ उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा असून, हॉडेनोशोनी लोक त्याला सृष्टिकर्त्याने दिलेला खेळ मानतात. आजाऱ्याला बरे वाटावे किंवा समाजाचे कल्याण व्हावे म्हणूनही तो खेळला जातो. एकोणिसाव्या शतकात कॅनडातील वसाहतकारांनी त्याची नियमावली तयार केली, मैदानाची मापे ठरवली आणि इ.स. १८८० च्या सुमारास मूळ रहिवाशांनाच ते 'व्यावसायिक' असल्याच्या कारणावरून हौशी अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून वगळले. ज्यांचा खेळ, त्यांनाच मैदानाबाहेर ठेवण्याचा हा प्रकार होता. लायन्स यांच्या पुढील कार्याचा अर्थ या इतिहासावाचून नीट लागत नाही.

लायन्स यांचे बालपण सेनेका आणि ऑनोंडागा लोकांच्या राखीव प्रदेशांत गेले. त्यांनी अमेरिकी सैन्यात सेवा केली आणि त्यानंतर क्रीडा शिष्यवृत्तीवर सिराक्यूज विद्यापीठात प्रवेश घेतला. ऑनोंडागा प्रदेश सिराक्यूज शहराला लागूनच आहे.

== गोलरक्षकाचे काम ==
मैदानी लॅक्रॉसमध्ये प्रत्येक संघात दहा खेळाडू असतात. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा, वाहायचा आणि फेकायचा, असे या खेळाचे स्वरूप आहे. गोल सहा फूट उंच व सहा फूट रुंद असतो, म्हणजे हॉकीच्या गोलाच्या निम्म्याइतकाच रुंद. एवढी लहान चौकट राखणे सोपे असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु चेंडू भरीव रबराचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित लहान व हलका असून आधुनिक खेळात तो ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने, तोही अवघ्या काही पावलांवरून येतो. हॉकीच्या गोलरक्षकासारखे जाड पॅड येथे पायांना नसतात. गोलरक्षकाच्या काठीची जाळी इतरांच्या जाळीपेक्षा रुंद असते आणि गोलाभोवतीच्या नऊ फूट त्रिज्येच्या वर्तुळात त्याला हाताने चेंडू अडवता येतो. मात्र चेंडू अडवला म्हणजे काम संपले असे नाही. चढाईची सुरुवात त्यालाच करावी लागते आणि सगळे मैदान समोर दिसत असल्याने बचावपटूंना सूचना देण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच येते. लायन्स यांच्या काळात काठ्या हिकरी लाकडाच्या असत व त्या प्रामुख्याने हॉडेनोशोनी कारागीरच वाकवून, विणून तयार करीत. प्लास्टिकच्या जाळीची काठी इ.स. १९७० च्या सुमारास आली.

== महाविद्यालयीन कारकीर्द ==
प्रशिक्षक रॉय सिमन्स (थोरले) यांच्या मार्गदर्शनाखाली सिराक्यूजच्या संघाने इ.स. १९५७ च्या हंगामात दहाही सामने जिंकले. पुढे अमेरिकी फुटबॉलमध्ये अजरामर झालेले जिम ब्राऊन याच संघात होते व त्यांनी त्या दहा सामन्यांत ४३ गोल केले. पुढे सिराक्यूजचे प्रशिक्षक झालेले धाकटे रॉय सिमन्स हेही लायन्स यांचे सहकारी होते. त्या काळी बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा नव्हती (ती इ.स. १९७१ मध्ये सुरू झाली). विजेता संघटनेकडून घोषित होई आणि त्या वर्षी तो मान जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला मिळाला. ब्राऊन यांच्या गोलांचा उल्लेख सर्वत्र होतो, परंतु एकही सामना न हरण्यात गोल वाचवणाऱ्याचा वाटा गोल करणाऱ्याहून कमी नसतो. लायन्स यांची 'ऑल-अमेरिकन' खेळाडू म्हणून निवड झाली. इ.स. १९५८ मध्ये त्यांनी ललितकलेची पदवी घेतली.

== नंतरचे जीवन ==
पदवीनंतर लायन्स यांनी न्यू यॉर्क शहरात व्यावसायिक चित्रकार म्हणून काम केले आणि क्लब पातळीवर खेळ सुरू ठेवला. इ.स. १९७० मध्ये ते ऑनोंडागा प्रदेशात परतले. कासव कुळाचे धर्मपरंपरारक्षक म्हणून ते परिषदेवर बसू लागले. बफेलो येथील विद्यापीठात त्यांनी अध्यापनही केले. इ.स. १९७७ मध्ये जिनीव्हा येथील परिषदेला गेलेल्या मूळ रहिवाशांच्या शिष्टमंडळात ते होते आणि डिसेंबर १९९२ मध्ये मूळ रहिवाशांच्या आंतरराष्ट्रीय वर्षाच्या प्रारंभी त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भाषण केले.

== राष्ट्रीय संघ आणि पारपत्राचा प्रश्न ==
इरोक्वा संघ इ.स. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे प्रथमच जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्वतःच्या ध्वजाखाली उतरला. संघाचे सदस्य हॉडेनोशोनी पारपत्रावर प्रवास करतात, कारण दुसऱ्या देशाचे पारपत्र घेणे म्हणजे आपले सार्वभौमत्व सोडणे, अशी त्यांची भूमिका आहे. इ.स. २०१० मध्ये मँचेस्टर येथील स्पर्धेपूर्वी या भूमिकेची कसोटी लागली. अमेरिकेने एकवेळची सवलत दिली, तरी ब्रिटनने ती पारपत्रे स्वीकारण्यास नकार दिला. अमेरिकी किंवा कॅनडियन पारपत्र घेतले असते तर खेळाडूंना जाता आले असते. संघाने स्पर्धेवर पाणी सोडले.

पुढे इ.स. २०१४ आणि २०१८ च्या जागतिक स्पर्धांत या संघाने कांस्यपदके मिळवली. इ.स. २०२२ मध्ये त्याचे नाव 'हॉडेनोशोनी नॅशनल्स' असे बदलण्यात आले. त्याच वर्षीच्या बर्मिंगहॅम (अलाबामा) येथील जागतिक क्रीडा स्पर्धांतून त्याला सुरुवातीला वगळण्यात आले होते, तेव्हा आयर्लंडच्या संघाने आपली जागा त्याच्यासाठी सोडली. लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉसचा समावेश झाला आहे. तथापि ऑलिंपिकच्या नियमानुसार मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समिती असलेल्या देशांनाच प्रवेश मिळतो आणि हॉडेनोशोनी संघाकडे तशी समिती नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी या संघाला स्वतःच्या ध्वजाखाली खेळू द्यावे, अशी भूमिका जाहीरपणे मांडली; आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मात्र त्यावर नियमाकडेच बोट दाखवले.