शाळेची फी आणि प्राप्तिकराचा रिफंड : पावतीतलं काय चालतं आणि कधी चालतं

हे व्याख्यान कात्रजमध्येच का ठेवलं, ते आधी सांगतो. सुखसागरनगर, दत्तनगर, आंबेगाव या भागात पगारदार घरं पुष्कळ, घरटी एक-दोन मुलं शाळेत, आणि जुलै लागला की "शाळेच्या फीवर रिफंड काढून देतो, टक्केवारी द्या" म्हणणारेही पुष्कळ. यातलं खरं किती, हे आज हिशेब मांडूनच बघू.

"फीवर रिफंड" हे शब्दच फसवे आहेत. सरकार फी परत देत नाही. तुमच्या पगारातून वर्षभर टीडीएस कापला जातो. वर्षाअखेरीस खरा कर त्याहून कमी निघाला, तर जादा कापलेले तुमचेच पैसे परत मिळतात. फीमुळे करपात्र उत्पन्न कमी होतं, एवढाच तिचा संबंध. टीडीएस कापलाच नसेल आणि दुसरा कुठला करही भरलेला नसेल, तर परत काय येणार?

आता पावती हातात घ्या. कलम ८०सी मध्ये चालते ती फक्त शिकवणी शुल्क, म्हणजे ट्यूशन फी. डेव्हलपमेंट फी आणि देणगी कायद्यानेच वगळली आहे. बस, गणवेश, वह्या-पुस्तकं, डबा, सहल, यातलं काही धरायचं नाही. टर्म फी वेगळी लिहिली असेल तर आम्ही ती धरत नाही, उगाच वाद नको. पावतीवर सगळी रक्कम एकत्र असेल तर शाळेच्या ऑफिसातून फोड लिहून घ्या. शाळा भारतातली हवी आणि शिक्षण पूर्णवेळ हवं. बालवाडी, नर्सरी चालते, पण खासगी क्लासची फी नाही, मग ती शाळेच्या दुप्पट का असेना. आरटीईतून प्रवेश असेल तर फीच भरलेली नाही, त्यामुळे दावाही नाही.

एका पालकाला दोन मुलांपर्यंत. आई-बाबा दोघं कमावते असतील तर दोघांची मर्यादा स्वतंत्र, प्रत्येकी दीड लाख, पण ज्याने जेवढी भरली तेवढीच त्याची. एकच पावती दोघांनी पूर्ण दाखवायची नाही. आणि तारीख बघा: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात प्रत्यक्ष भरलेली फी २०२४-२५ च्या विवरणपत्रात येत होती. जून २०२५ पासूनच्या वर्गाची फी मार्चमध्येच भरली असेल, तरी ती यातच.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. गाडी अडते ती पुढे. कलम ८०सी फक्त जुन्या करप्रणालीत आहे. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, म्हणजे तुम्ही ऑफिसात काही कळवलं नसेल तर टीडीएस नव्या दराने कापला गेला. मग फीची पावती दाखवण्यासाठी जुन्या प्रणालीत जावं का? २०२४-२५ च्या दरांनी एक उदाहरण घेऊ.

पगार ९ लाख, त्यात मूळ वेतन साडेचार लाख. नव्या प्रणालीत ७५,००० प्रमाणित वजावट जाऊन करपात्र ८,२५,०००. कर ३२,५००, वर ४ टक्के सेस, एकूण ३३,८००. ऑफिसने एवढाच कापला असं धरा.

आता जुनी प्रणाली. ५०,००० प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसायकर. पीएफचे ५४,००० आधीच ८०सी मध्ये बसलेत, म्हणजे फीसाठी जागा उरली ९६,०००. दोन मुलांची ट्यूशन फी तेवढीच आहे, दीड लाख पूर्ण झाले. करपात्र उरतं ६,९७,५००, आणि कर सेससह ५४,०८०. बघा! फी पूर्ण दाखवून कर वीस हजारांनी वाढला. नुसत्या फीच्या जोरावर रिफंड सांगणारा माणूस हा हिशेब तुम्हाला दाखवत नाही.

मात्र हेच कुटुंब भाड्याने राहतं, महिना १३,७५० भाडं भरतं आणि पगारात वर्षाला १,८०,००० घरभाडे भत्ता आहे असं समजा. भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा जाता १,२०,००० सूट बसते. (वर्षाचं भाडं लाखावर गेलं तर घरमालकाचा पॅन लागतो, हे लक्षात असू द्या.) आता कर २९,१२०. कापलेले ३३,८००, म्हणजे रिफंड ४,६८०. घरच्यांच्या आरोग्यविम्याचा २५,००० हप्ता असेल तर कर २३,९२० आणि रिफंड ९,८८०. फी महत्त्वाची आहेच, पण ती भाडं आणि विम्याच्या सोबतीने चालते.

ऑफिसात सांगायचं राहिलं म्हणून हक्क गेला असं नाही. फक्त पगारदार असाल, तर विवरणपत्र भरताना जुनी प्रणाली निवडता येते. अट एकच, मुदतीच्या आत. २०२४-२५ च्या विवरणपत्रासाठी ती १६ सप्टेंबर २०२५ होती. उशिरा भरलंत तर नवीच प्रणाली लागते, मग पावत्या कितीही असोत. दुकान-धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांना फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो आणि दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही.

एजंटांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. १४ जुलै २०२५ ला प्राप्तिकर खात्याने देशात १५० ठिकाणी तपासणी केली, महाराष्ट्रातही. विषय हाच: खोट्या वजावटी दाखवून काढलेले रिफंड. खात्याच्याच निवेदनानुसार त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रं दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. नोटीस येते ती पॅनवर, म्हणजे तुमच्या नावावर. चुकीची माहिती ठरली तर बुडवलेला कर, व्याज आणि कराच्या दुप्पट दंड. टक्केवारी घेऊन गेलेला माणूस तोवर फोन उचलत नसतो.

नंतरच्या वर्षांसाठी: २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच नाही. कात्रजमधल्या बऱ्याच घरांना तेव्हापासून फीच्या पावतीचा करासाठी काही उपयोग उरत नाही.

भरून झाल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर भरलेलं ग्राह्य धरत नाहीत. रिफंडसाठीचं बँक खाते पोर्टलवर आधीच प्रमाणित झालेलं हवं. पावत्या विवरणपत्राला जोडायच्या नसतात, पण फाईलला लावून निदान सहा-सात वर्षं ठेवा. आता ज्यांनी पावत्या सोबत आणल्यात, त्यांच्या एकेक बघू.