मेंढीच्या कानातला टॅग: वीज पडून मेंढी दगावली तर तो का महत्त्वाचा ठरतो?

समजा, कागल तालुक्यातल्या एका माळावर वीज पडली आणि कळपातल्या १० मेंढ्या जागीच दगावल्या. केंद्र सरकारच्या २०२२-२६ च्या आपत्ती निकषांनुसार एका मेंढीमागे ४,००० रुपये, म्हणजे १० मेंढ्यांचे ४०,००० रुपये मिळू शकतात. पण मेंढ्यांच्या कानात टॅग नसतील तर?

नियम काय आहे?

महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून टॅग नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर आणि वाहतुकीवर निर्बंध आले. सरकारी दवाखान्यातल्या सेवांसाठीही टॅग लागतो. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं आणि टॅग नसेल, तर भरपाई मिळत नाही. गाई-म्हशींसारखाच हा नियम शेळ्या-मेंढ्यांनाही लागू आहे.

टॅगमुळे मेंढी कुठे आहे ते कळतं का?

नाही. हा साधा प्लास्टिकचा टॅग आहे. त्यावर १२ अंकी क्रमांक आणि बारकोड असतो. तो क्रमांक 'भारत पशुधन' या ऑनलाइन प्रणालीत टाकला की मालकाचं नाव, लसीकरण आणि उपचारांच्या नोंदी दिसतात.

युरोपात २०१० पासून मेंढ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक ओळख आली. त्या टॅगमधल्या चिपला बॅटरी नसते. वाचक यंत्र जवळ नेलं की त्याच्या लहरींवर चिप जागी होते आणि क्रमांक सांगते. म्हणजे तोही जीपीएस नव्हे. फायदा एवढाच की शेकडो मेंढ्यांचे क्रमांक एकेक कान धरून वाचावे लागत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी?

२००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. मेंढ्यांच्या खरेदी-विक्रीतून ती देशभर पसरली आणि ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. कोणतं जनावर कुठून कुठे गेलं याची नोंद असेल, तर साथ लवकर अडवता येते.

मेंढपाळांची अडचण कुठे?

कानाला खाच किंवा लोकरीवर रंग, ही त्यांची जुनी खूण. त्या खुणेवरून मेंढका आपली मेंढी ओळखतो, पण सरकारी कागदावर ती चालत नाही. शिवाय वाडा आज एका गावात, तर चार दिवसांनी दुसऱ्याच शिवारात बसलेला असतो. त्यामुळे टॅगिंगची मोहीम गावात आली तरी कळप तिथे असेलच असं नाही. झुडपात अडकून टॅग निघतो, तो वेगळाच त्रास.

मग काय करावं?

- कळप बाहेर पडण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंदणी करून घ्या.
- टॅग क्रमांकांची यादी मोबाइलमध्ये ठेवा.
- टॅग पडला तर नवा बसवून नोंद बदलून घ्या.
- मेंढी विकली तर ती नव्या मालकाच्या नावावर चढवा.
- टॅग मारल्यावर काही दिवस कान तपासा. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडू शकतात.
- मेंढी दगावली तर टॅग काढू नका. पंचनामा होईपर्यंत तो कानातच राहू द्या.