कळलावी दारात, कंद कुलपात

“कळलावी घरात लावतेस? भांडणं लागली म्हणजे मला सांगू नकोस हो!” पाच वर्षांपूर्वी माहेरून कंद घेऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिलाच बार उडवला.

कळलावी म्हणजे अग्निशिखा, कुणी खड्यानागही म्हणतं. लहानपणी आमच्या कणकवलीकडे श्रावणात कुंपणाकुंपणाला तिच्या ज्वाळा पेटलेल्या दिसत. आता औषधासाठी कंद खणून नेतात, बांध जेसीबीने साफ होतात. दादाच्या बांधावरही एकच वेल उरला होता. तोही बांध फोडायचा होता, म्हणून तो मी उचलून आणला.

कंद नांगराच्या फाळासारखा दुबेळका. संस्कृतात तिला ‘लांगली’ म्हणतात ते यामुळेच. कोंब फक्त टोकाला असतो. टोक मोडलं की कंद वाया! माझा अर्धा असाच गेला. उरलेला पावसाच्या तोंडावर कुंडीत दोन इंच खोल आडवा ठेवला. चिपळूणचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून मातीत वाळू भरपूर घातली. पाणी साचलं की कंद कुजतो.

वेल चढतो तो पानांच्या टोकांनी. टोकंच तणाव्यासारखी वळतात आणि आधार धरतात. म्हणून जाड खांब नको, बारीक काठ्या किंवा जाळी हवी. पहिल्या वर्षी नुसती पानंच आली. दुसऱ्या श्रावणात मात्र फूल! मागे वळलेल्या, कुरळ्या काठांच्या सहा पाकळ्या. आधी हिरवट-पिवळ्या, मग लाल होत होत सगळं फूलच निखारा. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. सासूबाई मात्र लांबूनच बघायच्या.

दिवाळीनंतर वेल वाळला. कंद काढून वाळूत घालून मी स्वयंपाकघरातल्या टोपलीत ठेवले. इथेच चुकले. महाशिवरात्रीला आंघोळ करून येते तो काय, सासूबाईंच्या हातात विळी आणि समोर धुतलेले कंद!

“रताळी बारीकच आणलीस गं यंदा.”

माझ्या हातापायातलं बळच गेलं. कळलावीच्या सगळ्या अंगात विष, त्यातही कंदात आणि बियांत फार. यातलंच कोल्चिसीन गाऊटच्या औषधात मोजून वापरतात. पण कंद पोटात गेला तर जीव जातो. त्या दिवशी घरात माझी दोन मुलंही उपाशी होती.

विळी बाजूला ठेवून सासूबाई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अगं, आमच्या वेळी बाळंतीण अडली की सुईण हाच कंद वाटून लेप लावायची. कळा याव्यात म्हणून. ती कळलावी. भांडणाचं नंतर कुणीतरी जोडलं असणार.” (मैत्रिणींनो, हा प्रयोग चुकूनही करू नका.)

तेव्हापासून कंद डब्यात, डब्यावर लाल अक्षरांत ‘विष’ आणि डबा माळ्यावर कुलपात. लावताना हातमोजे, नंतर साबणाने हात. लहान मूल किंवा गुरं असतील तिथे वेल नकोच. चुकून कुणी खाल्लंच, तर उलट्यांची वाट न बघता तडक दवाखाना.

आणि हो, तुम्हाला हवी असेल तर रानातून उपटू नका, रोपवाटिकेत विचारा. बियांपासूनही येते, पण फुलायला तीन-चार वर्षं लागतात.

यंदा मृगाचा पहिला पाऊस पडला आणि सासूबाईंनीच विचारलं, “किल्ली कुठे आहे गं माळ्यावरच्या डब्याची?”