मनोऱ्यावरचें पाळीपत्रक

आमच्या कोल्हापुरांत रात्रीं नऊच्या सुमारास कोणत्याहि सुशिक्षित घरांत डोकावावें, एकाच छपराखालीं चार निरनिराळीं कामें एकाच बिनतारी जोडणीवर चाललेलीं असतात. वडील मुलगा कचेरीच्या सभेस घरूनच बसलेला असतो, सूनबाई परगांवच्या बहिणीशीं समोरासमोर बोलत असतात, नातवंडें धडे उतरवून घेत असतात आणि दिवाणखान्यांत कोणी नाटक लावून बसलेलें असतें. मग सभेंतील आवाज तुटतो आणि सर्वांच्या तोंडून एकच उद्गार निघतो, "रेंज तर पूर्ण आहे, मग चालत कां नाहीं?" दोष देण्यासाठीं सगळे मनोऱ्याकडे पाहतात. परंतु पुष्कळदां दोष लोखंडाचा नसून लेखणीचा असतो. मनोऱ्याच्या पायथ्याशीं जें यंत्र असतें, ज्यास बेस स्टेशन म्हणतात, त्यांत कोणास किती, कोणत्या क्रमानें आणि कोणत्या अटीवर द्यावयाचें याचें एक पत्रक भरलेलें असतें. तंत्रज्ञ मंडळी त्यास सर्व्हिस प्रोफाइल म्हणतात. आज वाचकांपुढें या पत्रकाचीच हकीकत ठेवावयाची आहे. कारण करार कागदावर एक आणि यंत्रांत दुसरा असा प्रकार होऊं शकतो, आणि सही करणाऱ्यास त्याचा पत्ताहि नसतो.

प्रथम वांटावयाची वस्तु कोणती तें पाहूं. तांब्याची किंवा कांचेची तार घरोघर वेगळी येते. हवेंतील लहरी मात्र सर्वांच्या सामाईक. सरकार कंपनीस लहरींचा एक ठराविक पट्टा देतें. बिनतारी ब्रॉडबँडसाठीं केंद्र सरकारनें २०१० सालीं लिलाव केला, तो २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यांचा. २४ मे रोजीं सुरू झालेला हा लिलाव ११ जूनला संपला आणि सरकारास ३८ हजार कोटींहून अधिक रुपये मिळाले. महाराष्ट्र विभागांतील पट्टे भारती एअरटेल आणि इन्फोटेल या कंपन्यांकडे गेले. इन्फोटेल लगेच रिलायन्सनें घेतली. तिचेंच पुढें जिओ झालें. एअरटेलनें पुण्यास चौथ्या पिढीची सेवा २०१२ च्या आक्टोबरांत सुरू केली. एवढी रक्कम मोजून घेतलेला पट्टा झाला तरी तो उन्हाळ्यांतील नदीसारखाच समजावा. पंचगंगेच्या खोऱ्यांत पाणी आटलें म्हणजे उपसाबंदीच्या पाळ्या लागतात, कारण सर्वांनीं एकदम पंप सुरू केले तर शेवटच्या शेतास थेंबहि उरावयाचा नाहीं. हवेंतील पट्ट्याचें तसेंच आहे.

या पाळ्या लावणारा यंत्रांतील कारभारी मोठा चपळ असतो. चौथ्या पिढीच्या यंत्रांत तो एका सेकंदांत १००० वेळां ठरवितो कीं हा क्षण कोणाचा. त्यापूर्वींच्या वायमॅक्स पद्धतींत साधारणतः २०० वेळां. परंतु चापल्य म्हणजे विवेक नव्हे. परीक्षेस बसलेल्या मुलीचा धडा आणि रिकामटेकड्याचें नाटक यांतील तारतम्य त्यास स्वतः कळत नाहीं. पत्रकांत जें लिहून दिलें तेवढेंच कळतें. आमचा जन्म संस्कृत व्याकरण शिकविण्यांत गेला, म्हणून आम्हांस येथें पाणिनीची आठवण होते. एकाच ठिकाणीं दोन नियम लागूं लागले तर बलवान कोणता, हेंहि त्यानें आधींच नियमानें सांगून ठेवलें. ऐन वेळीं कोणाच्या मर्जीवर सोडलें नाहीं. पत्रक भरणाराचें कामहि तेंच. फक्त येथें चूक झाली तर शब्द अशुद्ध होत नाहीं, कोणाच्या तरी घरचा संवाद तुटतो.

पत्रकांतील मुख्य सदर प्रतीचें. वायमॅक्सचा जो आंतरराष्ट्रीय नियमसंग्रह २००४ सालीं निघाला, त्यांत चार प्रती सांगितल्या आहेत, आणि त्या समजून घेण्यास आपल्या लग्नमुंजींतील पंगतीसारखें साधन नाहीं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर हीं प्रत्येक पानावर न मागतां ठरल्या जागीं पडतात. पहिली प्रत ती. ठराविक वेळानें ठराविक वांटा, विचारपूस नाहीं. टेलिफोनच्या अखंड प्रवाहासारख्या कामास ही प्रत. दुसरी प्रत वरणभात वाढणाऱ्याची: तो थोड्याथोड्या वेळानें पानापाशीं येऊन "हवें का?" म्हणून विचारतो आणि मागाल तितकें वाढतो. हालत्या चित्रास ही योग्य, कारण त्याची भूक क्षणाक्षणास बदलते. तिसरींतहि विचारणा आहे, पण वाढपी सावकाश फिरतो. चौथी प्रत म्हणजे सर्वांचें झाल्यावर पातेल्यांत उरेल तें. २००५ च्या दुरुस्तींत पांचवी प्रत आली, ती फार मौजेची: न मागतां वाढावयाचें, पण जेवणारानें पानावर आडवा हात धरला कीं थांबावयाचें. बोलणारा गप्प असतांना त्याचा वांटा फुकट जाऊं नये म्हणून ही योजना. चौथ्या पिढीच्या पद्धतींत आरंभीं प्रती नऊ झाल्या, आणि प्रत्येकीस किती उशीर चालेल याचें मापहि ठरलें: संभाषणास १०० मिलिसेकंद, सर्वांत सामान्य प्रतीस ३००. आपल्या घरांतील बहुतेक वाहतूक पातेल्यांत उरेल त्याच प्रतींत बसते, हें येथेंच सांगून ठेवतों.

पत्रक भरतांना आधीं प्रवाह ओळखण्याची खूण लिहावी लागते: हें बोलणें, हें चित्र, हें उतरवून घेणें. मग प्रत्येक खुणेस एक प्रत, आणि प्रतीपुढें दोन आंकडे, एक कमाल वेगाचा व दुसरा हमीच्या वेगाचा. येतांनाचे वेगळे, जातांनाचे वेगळे. हें सारें एका नांवाखालीं बांधलें कीं साचा तयार झाला. शेवटीं ग्राहकाकडील यंत्र त्या साच्याशीं जोडावयाचें. एकच साचा हजार घरांस जोडतां येतो. यांत सोय मोठी आणि धोकाहि तेवढाच, कारण साच्यांतील एक आंकडा फिरला कीं हजार घरांचा करार फिरतो. शिवाय ज्या प्रवाहाची खूण कोठेंच जुळत नाहीं, तो निमूटपणें शेवटच्या प्रतींत जाऊन पडतो. यंत्र तक्रार करीत नाहीं; दिवा हिरवाच राहतो. आमच्या एका आप्तांकडे वाढीव दराचें बिल चार महिने येत होतें आणि वेग मात्र जुनाच. शेवटीं एका तरुण इंजिनिअरानें पाहिलें, तों बिलाच्या वहींत नवा साचा आणि यंत्रांत जुनाच जोडलेला. कंपनीचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. पैसे परत मिळाले, पण चार महिने कोणास संशयहि आला नाहीं, याचें आम्हांस अधिक वाईट वाटलें.

आतां त्या दोन आंकड्यांकडे वळूं, कारण सगळें इंगित तेथें आहे. जाहिरातींत छापतात तो कमाल वेग, आणि त्यापुढें "पर्यंत" हें अव्यय असतें. व्याकरणदृष्ट्या "पर्यंत" वरची मर्यादा दाखवितें. खालच्या मर्यादेविषयीं तें मुग्ध आहे. शाळेंतलें साधें गणित मांडूं. समजा, मनोऱ्याच्या एका दिशेस सर्व मिळून ६० मेगाबिट वेग आहे, आणि त्या दिशेस ३०० घरें, प्रत्येकास २ मेगाबिट "पर्यंत". कमाल वेगांची बेरीज ६००, म्हणजे पुरवठ्याच्या दसपट. ही लबाडी का? आमच्या मतें नव्हे. गांवच्या विहिरीवर सगळीं घरें एकदम येत नाहींत. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २००९ सालीं घरगुती ग्राहकांसाठीं हें प्रमाण एकास पन्नासपर्यंत ठेवण्याचें सुचविलें होतें. त्या मानानें दसपट सौम्यच. लबाडी सुरू होते ती हमीच्या आंकड्यापाशीं. हमींची बेरीज ६० च्या पुढें गेली तर तें पत्रकच असत्य. हमीच्या रकान्यांत शून्य लिहिलें तर तें असत्य नव्हे, पण तें शून्य ग्राहकास दाखविण्याची तसदी कोण घेतो? सरकारी व्याख्येप्रमाणें ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास २००४ सालीं २५६ किलोबिट पुरत. २०२३ पासून २ मेगाबिट लागतात. व्याख्या उंचावली, पण "पर्यंत" जागचें हललें नाहीं.

या शून्याचा फटका प्रथम दूरच्यास बसतो. मनोऱ्याजवळच्या घरास एका स्पंदाबरोबर सहा बिट पाठवितां येतात. पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या बाजूस डोंगराआड असलेल्या वाडीस लहरी क्षीण पोंचतात. तेथें चुका टाळण्यासाठीं दोनच पाठवावे लागतात. म्हणजे तेवढ्याच मजकुरास तिप्पट वेळ. शहरांतील घरास दिलेल्या हमीपेक्षां वाडीस दिलेली हमी कंपनीस तिप्पट महाग पडते, आणि दर मात्र दोघांस एकच. मग पत्रक भरणारास वाडीला शेवटच्या प्रतींत ढकलण्याचा मोह झाला तर नवल नाहीं. तो मोह आवरणारा नियम हवा, आणि नियम मागणारें गिऱ्हाईकहि हवें.

परंतु हमी कशाची मागावी हें कळण्यास आधीं आपली गरज कळली पाहिजे. याविषयींचा उत्तम धडा आमच्याच जिल्ह्यांत मिळाला. तात्यासाहेब कोरे यांनीं उभारलेल्या वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरांत १९९८ सालीं केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनीं मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारें ७० गांवांसाठीं संगणकजोडणीची योजना सुरू केली. "वायर्ड व्हिलेज" या नांवानें ती देशभर गाजली. ऊस किती भरला, तोडणी केव्हां, खत किती उचललें, ही माहिती शेतकऱ्यास गांवांतच मिळूं लागली. पुढें मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं पाहिलें कीं, शेतकऱ्यास हवी ती माहिती चार ओळींची, आणि तिच्यासाठीं गांवोगांव संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती! त्यांनीं ७ गांवांत आठ महिने प्रयोग केला: शेतकऱ्यानें मोबाइलवरून लघुसंदेश धाडावा आणि उत्तर लघुसंदेशानेंच यावें. जुन्या पद्धतीचें सर्व काम त्यांत झालें, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांस ती अधिक पसंत पडली. हा वृत्तांत २००७ सालीं प्रसिद्ध झाला. चार ओळींस रुंद पट्टा लागत नाहीं. तो संदेश खात्रीनें पोंचेल एवढी हमी लागते.

खुणा ओळखण्याच्या विद्येंत एक विषारी बीजहि आहे. बोलणें आधीं आणि नाटक मागून, हा न्याय झाला; अमक्या कंपनीचें नाटक आधीं आणि तमक्या कंपनीचें मागून, हा अन्याय. ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं प्राधिकरणानें मजकूर पाहून वेगळा दर लावण्यास मनाई केली, आणि २०१८ सालीं सरकारनें समान वागणुकीचें तत्त्व मान्य केलें. हें चांगलें झालें.

पंगतींत कोणास आधीं वाढावें याहून कठीण प्रश्न म्हणजे दारांतून आंत कोणास घ्यावें. २०१९ च्या आगस्टांत राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असतां पाणी ५५ फुटांवर गेलें, आणि पुणें-बंगलोर महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. अशा वेळीं शहरांतील प्रत्येक मनुष्य एकाच वेळीं फोन लावूं पाहतो. म्हणून सिमकार्डांतच एक वर्गांक कोरलेला असतो. तुम्हां-आम्हांस ० ते ९ पैकीं एक, आणि पोलीस, पाणी-वीज पुरविणारे, संकटकालीन मदत करणारे यांस ११ ते १५ मधील. गर्दी अनावर झाली तर सामान्य वर्गांतील कांहींस थोडा वेळ बाहेर थांबविण्याची सूचना बेस स्टेशन देऊं शकतें. ही सूचना केव्हां व किती वेळ द्यावयाची, हेंहि कोणी तरी कोरड्या दिवशीं शांतपणें बसून ठरविलेलें असावें लागतें.

आतां पांचव्या पिढीच्या लहरींवर गच्चीवर पेटी बसवून घरास जोडणी देण्याचा प्रकार निघाला आहे. जिओनें ती सेवा १९ सप्टेंबर २०२३ रोजीं मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू केली. पेटी तीच, पंगत तीच. बसवावयास आलेल्या तंत्रज्ञास यजमानांनीं चहा द्यावा आणि जोडलेल्या साच्याचें नांव काय, हमीचा वेग किती, महिन्याचा ठरलेला सांठा संपल्यावर वेग कितीवर उतरतो, हें विचारून कागदावर लिहून घ्यावें. मग रात्रीं नऊ वाजतां आठ दिवस प्राधिकरणाच्या "मायस्पीड" या साधनानें वेग मोजावा आणि दुधाच्या हिशेबाच्या वहींत शेजारीं टिपून ठेवावा. आमच्या घरीं हें काम धाकट्या नातीकडे आहे, आणि तिच्या वहींतील सरळ आंकडे पुढें ठेवले म्हणजे कचेरींतील मनुष्य "पर्यंत" हा शब्द उच्चारण्यापूर्वीं क्षणभर थांबतो.