कळप विकायचाय, पण आधी कोणती गाय? धोफारच्या डोंगरातलं गणित

मस्कत, सोहार किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेकांनी जुलै-ऑगस्टमध्ये सलालाची वारी केली असेल. धुकं, हिरवे डोंगर, नारळपाणी आणि रस्त्याच्या मधोमध निवांत रवंथ करणाऱ्या गाई. हॉर्न वाजवा, दिवे दाखवा, त्या आपल्या वेळेनेच उठतात. वाळवंटी अरबस्तानात या गाई आल्या कुठून, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल.

या गाई मोकाट नाहीत, प्रत्येकीला मालक आहे. धोफारच्या डोंगरात जिब्बाली (शहरी) भाषा बोलणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या त्या पाळत आली आहेत. पण आता घरातली मुलं सलालात किंवा मस्कतला नोकरीला असतात, डोंगरावर वडीलधारे आणि पगारी गुराखी राहतात, आणि वैरणीचा खर्च वाढतच जातो. 'कळप कमी करायचा का? की विकूनच टाकायचा?' हा प्रश्न अशा घरांत उभा राहतो. तुमच्या गावाकडच्या गोठ्याबद्दल फोनवर असंच बोलणं होत असेल, तर हे गणित तुमच्याही कामाचं आहे.

गाई इथे आहेतच का?

आपल्याकडे जूनमध्ये येणाऱ्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांचीच एक कड धोफारला स्पर्श करते. हे वारे किनाऱ्याला समांतर वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे समुद्राचं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. त्यावरची दमट हवा गार होऊन ढग तयार होतात. पण त्यांच्या डोक्यावर वाळवंटाच्या गरम, कोरड्या हवेचं झाकण असतं. ढगांना उंच वाढता येत नाही, म्हणून मुसळधार पाऊस पडत नाही. ते डोंगराला चिकटून राहतात आणि दोन-तीन महिने भुरभुरत राहतात. हाच 'खरीफ'. हो, आपला खरीप हंगाम आणि हा खरीफ शब्द एकाच अरबी मुळाचे.

झाडं हे धुकं पानांवर पकडतात, त्याचे थेंब होऊन खाली टपकतात, आणि पावसाइतकंच महत्त्वाचं पाणी जमिनीला मिळतं. या जंगलातलं मुख्य झाड म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या धावड्याचं चुलत भावंड. ते जगात फक्त धोफार आणि शेजारच्या येमेनच्या डोंगरातच सापडतं. वर आलेल्या थंड पाण्यात माशांना भरपूर खाद्य असतं, म्हणून पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर तारल्यांचे ढीग लागतात. वाळूवर वाळवलेल्या या तारल्या कोरड्या महिन्यांत गाई-उंटांना खाऊ घालतात. म्हणजे एकाच वाऱ्याने डोंगरावर गवत दिलं आणि समुद्रातून खुराकही.

मग गाई जास्त कशा झाल्या?

पूर्वी कळपाचा आकार मालक ठरवत नसे, उन्हाळ्यातलं पाणी ठरवत असे. झरे मोजके, त्यामुळे गाई मोजक्या. १९७० च्या दशकाच्या मध्यावर धोफारचं युद्ध संपलं आणि डोंगरात विंधन विहिरी, रस्ते, दवाखाने आले. पाण्याची मर्यादा उठली. मग ट्रकने वैरण येऊ लागली आणि गवताची मर्यादाही उठली. गाय जगवायला आता डोंगराची परवानगी लागत नव्हती, फक्त पैसे लागत होते.

पण पोट विकतच्या वैरणीवर भरलं तरी गाय दिवसभर चरायला डोंगरावरच जाते. कोवळी रोपं ती खातेच. म्हाताऱ्या झाडांची जागा घेणारी तरणी झाडं कमी झाली की धुकं पकडणारी पानं कमी होतात, आणि पाणीही. चराईचा धुक्याच्या जंगलावर होणारा असा परिणाम संशोधकांनी मोजलेला आहे.

इथे 'पशुपालक हावरट असतात, कळप वाढवतच जातात' असं म्हणणं सोपं आहे. २०२० मध्ये 'ह्यूमन इकॉलॉजी' या नियतकालिकात धोफारच्या पशुपालकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास आला. त्यातून दिसलं ते वेगळंच. बहुतेकांना कळप आणखी वाढवायचा नाही. वैरणीचा खर्च घराला झेपेनासा झालाय. तरीही ते गाई ठेवतात, कारण गाई हा घराण्याच्या ओळखीचा भाग आहे. आणि म्हणूनच निर्णय अडकतो. 'ठेवायचा की विकायचा' असा एकच मोठा प्रश्न समोर ठेवला तर उत्तर कधीच निघत नाही. त्याचे छोटे प्रश्न करावे लागतात.

एका गाईच्या तीन किमती

कोणत्याही जनावराची एका वेळी तीन मोलं असतात. पहिलं, आज मांस म्हणून काय मिळेल. दुसरं, पुढच्या वर्षभरात दूध किती देईल. तिसरं, तिच्या पोटी येणाऱ्या वासरांचं मोल. यातून तिला जगवण्याचा खर्च वजा करायचा. ज्या जनावराचं पहिलं मोल उरलेल्या दोहोंपेक्षा जास्त, ते आधी विकायचं. गोऱ्ह्याला दूध नाही, वासरू नाही, म्हणून तो पहिला. भाकड गाय दुसरी. वेतावर असलेली तरणी गाय शेवटची.

हे ओळखायला तीन तपासण्या पुरतात.

वय दातांवरून कळतं. गाईला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. दुधाचे दात पडून पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण दोन वर्षांनी येते, मग दर सहा-आठ महिन्यांनी एकेक जोडी. आपल्या बैलबाजारातले आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला हे शब्द म्हणजे हेच कोष्टक आहे. दात झिजून आखूड झालेल्या गाईला खडकाळ डोंगरावर चरून पोट भरणं अवघड जातं.

गाभण आहे की नाही, हे पशुवैद्य हाताने तपासून साधारण दोन महिन्यांनंतर खात्रीने सांगतो. गाईचा गाभणकाळ २८० दिवसांच्या आसपास असतो. ही तपासणी न करता विकणं म्हणजे एका गाईच्या भावात दोन जनावरं देणं.

तिसरी तपासणी अंगकाठीची. बरगड्या, कंबरेची हाडं आणि शेपटीचं मूळ पाहून १ ते ५ गुण देतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ५ म्हणजे चरबीने गोल. दोनच्या खाली गेलेली गाय माजावर येणं थांबतं. ती भाकड वाटते, पण कदाचित फक्त उपाशी असते.

आता आकडे मांडू

समजा, एका घरी ४० जनावरं आहेत. २२ गाई, त्यातल्या ६ भाकड. शिवाय १ वळू, ७ कालवडी, ४ गोऱ्हे आणि ६ लहान वासरं. धोफारी गाय चणीने लहान असते, म्हणून गाईचं वजन २५० किलो धरू, वळूचं ३५०, कालवडीचं १३०, गोऱ्ह्याचं १५० आणि वासराचं ६०. एकूण वजन ७,७२० किलो.

जनावराला रोज वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडा चारा लागतो. म्हणजे कळपाला रोज १९३ किलो. आठ महिने यातला निम्मा विकत घेतला, तर २३ टनांहून अधिक. याला तुमच्या भागातल्या वैरणीच्या दराने गुणा, म्हणजे घराच्या खिशाला किती भोक पडतंय ते दिसेल.

आता ६ भाकड गाई आणि ४ गोऱ्हे विका. २,१०० किलो वजन गेलं, म्हणजे चाऱ्याचा खर्च २७ टक्क्यांनी घटला. आणि पुढच्या वर्षी जन्मणारी वासरं किती कमी झाली? एकही नाही. वडीलधाऱ्यांना 'कळप विकायचा' म्हटलं तर ते उठून जातील. 'हे दहा विकू, सगळ्या दुभत्या राहू दे' म्हटलं तर बसून ऐकतील. आणि कागदावर हाच सर्वांत फायद्याचा पहिला टप्पा आहे.

दोन पंचांगं

केव्हा विकायचं? इथे दोन पंचांगं एकमेकांवरून सरकत असतात.

एक पावसाचं. खरीफनंतरच्या तीन महिन्यांना धोफारमध्ये 'सर्ब' म्हणतात. तेव्हा डोंगर गवताने भरलेला असतो, जनावर झपाट्याने अंग धरतं आणि वैरणीचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. एप्रिल-मे उलट, जनावर हडकुळं आणि वैरण महाग.

दुसरं चांद्र पंचांग. ओमानमध्ये जनावरांना सर्वाधिक मागणी बकरी ईदच्या आधी असते. कुर्बानीसाठी गाय दोन वर्षं पूर्ण झालेली हवी, म्हणजे व्यवहारात दोनदाती, आणि एका गाईत सात वाटेकरी चालतात. हिजरी वर्षात आपल्यासारखा अधिक महिना नसल्यामुळे ही ईद दर वर्षी सुमारे ११ दिवस आधी येते. २०१४ मध्ये ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होती. जनावर गवतावर पोसलेलं आणि मागणीही शिखरावर, असा दुहेरी योग. २०२५ मध्ये ती जूनच्या पहिल्या आठवड्यात आली, म्हणजे वर्षातल्या सर्वांत हडकुळ्या दिवसांच्या शेवटी. चक्र पूर्ण व्हायला सुमारे ३३ वर्षं लागतात, त्यामुळे ऑक्टोबरमधली ईद आता २०४० च्या दशकाच्या उत्तरार्धातच येईल.

म्हणून सध्याच्या वर्षांत विक्री दोन भागांत विभागणं शहाणपणाचं. चांगल्या गोऱ्ह्यांना सर्बमध्ये पोसून, जानेवारीनंतर थोडा खुराक देऊन ईदेपर्यंत राखायचं. भाकड गाई मात्र सर्बच्या शेवटी, अंगावर मांस असतानाच विकायच्या. त्यांना ईदेपर्यंत पोसलं तर वाढीव भाव वैरणीतच जिरतो. आणि सगळ्यात वाईट मुहूर्त म्हणजे खरीफ कमी झालेलं वर्ष. तेव्हा सगळेच विकायला काढतात, जनावराचा भाव पडतो आणि वैरणीचा चढतो. मराठवाड्यातल्या दुष्काळी बाजारात हे अनेकांनी पाहिलंय. विकायचं ठरलंच असेल, तर चांगल्या वर्षी विकावं.

अंतराचाही हिशोब करा. सलाला ते मस्कत सुमारे १,००० किलोमीटर. या प्रवासात जनावर पोटातला चारा-पाणी गमावून पाच-सहा टक्के वजन सहज हरवतं. शिवाय जिवंत वजनाचा साधारण निम्माच भाग मांस आणि हाडं म्हणून हाती लागतो. दूरच्या बाजारातला चढा भाव या दोन्हींतून पार होतो का, ते आधी पाहायचं. गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यांतल्या गाईला तर या प्रवासाला पाठवूच नये.

शेवटच्या सोळा गाई

पहिला टप्पा सोपा होता. खरा पेच उरलेल्या १६ गाई आणि एका वळूचा. लोकसंख्या-आनुवंशिकीत एक साधं सूत्र आहे: नर आणि माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा आणि दोघांच्या बेरजेने भागा. १ वळू आणि १६ गाई म्हणजे ६४ भागिले १७, उत्तर ३.८. कळप सतराचा दिसतो, पण आनुवंशिक वैविध्याच्या दृष्टीने तो चार जनावरांइतकाही नाही. तोच वळू राहिला तर तीन-चार वर्षांत स्वतःच्या लेकींना फळवू लागतो. म्हणून लहान कळप ठेवायचा असेल तर दर दोन-तीन वर्षांनी शेजाऱ्याशी वळू बदलावा. मोठेपणाची हौस सोडून तीन घरांनी मिळून तीन वळू फिरवले, तर लहान कळपही निरोगी राहतो.

आणि सगळंच विकायचं असेल तर? तरी कालवडी आणि तरण्या गाई खाटकाकडे न जाता त्याच डोंगरातल्या दुसऱ्या पाळणाऱ्याकडे जाव्यात. या गाई धुकं, चिखल, माश्या आणि खडकाळ उतार सहन करत इथेच घडल्या आहेत. प्रत्येक घराने स्वतःपुरता बरोबर निर्णय घेऊन सगळ्या माद्या कापायला दिल्या, तर ती जात संपेल, आणि ती कोणत्याही बाजारात परत विकत मिळणार नाही. मन तयार नसेल तर कोकणात करतात तसं नात्यातल्या माणसाला अर्धेलीने पाळायला द्यावं: गाय तुमची, मेहनत त्याची, वासरं वाटून. दोन-तीन वर्षांत कळते की आपल्याला गाय हवी होती की गाय असल्याची भावना.

तुमच्या गोठ्याचं काय?

हे सगळं तुमच्या गावी जसंच्या तसं लागू होणार नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणजे तीन मोलांपैकी पहिलं जवळजवळ शून्य. तिथे भाकड जनावर हा न संपणारा खर्च होतो आणि म्हणून निर्णय आधी, जनावर अजून दुभतं किंवा कामाचं असतानाच घ्यावा लागतो. बाकीचा क्रम तोच: दात, गाभण तपासणी, अंगकाठी, वैरणीचा हिशोब, हंगाम, आणि शेवटी गाय कोणाच्या दावणीला जाणार.

पुढच्या वेळी फोनवर आई-वडील गोठ्याचा विषय काढतील तेव्हा 'विकून टाका की आता' म्हणू नका. 'किती भाकड आहेत? वैरण किती महिने विकत घेता?' असं विचारा. पहिल्या वाक्यावर फोन ठेवला जातो. दुसऱ्यावर बाबा वही काढतात.